कलमाची पट्टी

आंब्यांचे दिवस सरून पाऊस जमिनीत चांगला मुरला की आमच्या मागच्या पडवीत एक वास राहायला येतो. आंबूस, गोड, जरासा कुजका. रायवळ आंब्यांचे बाठे, म्हणजे कोयी, धुऊन गोणपाटावर पसरलेले असतात, त्यांच्यावर माश्या घोंघावतात आणि गोणपाटाखालून पाणी झिरपत अंगणात उतरतं. लग्न होऊन आले तेव्हा या वासाने मी नाकाला पदर लावायचे. मी नगरकडची. आमच्याकडे आंबा खाल्ला की कोय उकिरड्यावर जाते आणि विषय संपतो. इथे आंबा खाल्ल्यावर विषय सुरू होतो, हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

आज सकाळी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले तर आधी तो वास आला आणि मग सुगंधा दिसली. मांडी घालून बसली होती, केस वर बांधलेले, कोपरापर्यंत चिखल, आणि एकेक बाठा हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघत होती. आमची मुलगी दापोलीला शेतीचं शिकते. यंदा शेवटचं वर्ष. त्यानंतर ती कुठे जाणार याबद्दल घरात उडत उडत बोलणं होतं. कधी पुण्याचं नाव निघतं, कधी पार समुद्रापलीकडचं. ती परत येईल का, हे मी तिला विचारलेलं नाही. माझ्या न विचारण्यामागे काही फार मोठं शहाणपण आहे असं कुणी समजू नये. मी मुळात चौकस बाई. शेजारच्या घरात फोडणी कसली पडली हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण या एका बाबतीत मला फार वर्षांपूर्वीच्या एका श्रावणाने गप्प बसायला शिकवलं आहे.

तो श्रावण दरवर्षी येतो. कॅलेंडरातला येतो तो वेगळा, आणि हा माझा वेगळा. पाऊस थोडा थांबतो, ऊन पडतं, पुन्हा सर येते, बागेभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावरचं शेवाळ उजळतं, आणि मला कुठल्याही कामात असताना वाटतं की मागच्या टाकीआड कुणीतरी लहान उभं आहे.

आमचं घर पूर्णगडच्या रस्त्याला. पुढे कातळ, मागे उताराची बाग. वारा पश्चिमेचा असला की पावसाच्या आवाजाखाली समुद्राचा आवाज ऐकू येतो. दोन्ही आवाज इतके एकमेकांत मिसळतात की झोपेत कळत नाही आपण कशाखाली निजलोय. पाऊस इथे चार दिवसांचा पाहुणा नसतो, तो घरजावई असतो. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. आणि याच दिवसांत, सगळं ओलंचिंब असताना, माझे सासरे कलमं बांधायला बसत.

बाबा हयातभर कलमं बांधत आले होते. त्यांच्या बोलण्यातून आणि हातांकडे बघून मला जे समजलं ते इतकंच, की हापूसचा बाठा लावून हापूस मिळेल याची काही खात्री नसते. म्हणून आधी रायवळाचे बाठे मातीत घालायचे. रायवळ म्हणजे कुणीही न लावलेला आंबा. रस्त्याकडेला, वहाळाच्या काठी, कुणाच्या तरी चोखून फेकलेल्या बाठ्यातून उगवलेला. कुठला आंबट, कुठला गोड, कुठला नुसताच दोऱ्यांचा. पण मूळ मात्र चिवट. तो रुजला की त्याला तांबूस, लवलवत्या पानांचा कोंब येतो. तो कोंब वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, त्या चिरेत हापूसची काडी तासून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. मग ते कलम पिशवीत लावून सावलीत ठेवायचं आणि वाट बघायची. काडीवरचा डोळा फुटला की समजायचं, जोड धरली.

या सगळ्यात एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. काडी कापायच्या काही दिवस आधी, ती आपल्या झाडावर असतानाच, बाबा तिची सगळी पानं खुडून टाकत. चांगली हिरवीगार फांदी उघडीबोडकी करून सोडत. मी एकदा म्हटलं, आधीच तिला आईपासून तोडायचंय, वर हे कशाला. ते कातरीचं पातं धोतराला पुसत म्हणाले, “पानं असली की ती पानांतच रमते गो. पानं गेली की डोळा फुगतो.”

माझा राग फांदीसाठी नव्हताच. आमचीही पानं खुडली गेली होती. पहिलं बाळ जन्मताना गेलं, दुसरं जन्माआधीच. त्यानंतर काही नाही. चर्चमधल्या बायका माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत आणि मला त्यांच्या हातांचं ओझं व्हायचं. मी देवाशी भांडणारी बाई आहे. त्या वर्षांत तर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. उपासनेला मात्र जायचे, कारण मी गेले नाही तर आमच्या बाकावर बाबा एकटेच बेसूर गातील आणि सॅम्युएल, माझा नवरा, त्यांना आवरणार नाही. तेवढ्या कारणाने देवाने मला आपल्या घरात धरून ठेवलं. तो कसल्या कसल्या दोऱ्यांनी बांधतो हे नंतर लक्षात येतं.

सुगंधा आली ती त्या श्रावणाच्या आधीच्या आषाढात. सात वर्षांची असेल. खेडकडची, आईबाप नसलेली, संस्थेत वाढलेली. तिला घेऊन आलेल्या ताई स्वभावाने सरळ होत्या. त्यांनी आम्हांला आधीच सांगून टाकलं की याआधी एका घरी ती गेली होती आणि तिथून परत आली; मिसळत नाही असं त्या लोकांचं म्हणणं पडलं. आता पावसाळाभर ती तुमच्याकडे राहील, नारळी पौर्णिमा झाली की मी येईन आणि तिला एकटीला विचारीन. ती नाही म्हणाली तर नाही. आम्ही माना हलवल्या. सॅम्युएल शाळेत चित्रकला शिकवतो, मुलांची त्याला सवय, त्याला वाटलं पंधरवड्यात पोर घरभर नाचायला लागेल.

पोर नाचली नाही. हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून ती हाकेच्या अंतरावरच उभी राहायची. मला काहीच म्हणायची नाही, आई नाही की काकू नाही. जेवायची सगळं, दिलेलं काम करायची, केस विंचरताना मान ताठ धरायची. तिची एक कापडी पिशवी होती, ती कॉटखाली. आणि तिच्या चपला आमच्या चपलांच्या रांगेत कधीच नसत. बाहेरून आली की ती त्या धुवायची, पुसायची आणि पिशवीत ठेवायची. पिशवी भरलेली असायची. मी ते बघायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायचे.

मग तो रविवार आला. आमचं चर्च लहान, जांभ्या दगडाचं, पावसात भिंती घाम आल्यासारख्या पाझरतात. नवे पाळकसाहेब सोलापूरकडचे, मनाने फार मऊ. आमच्या बाकावर पोरीला बघून त्यांना भरून आलं असावं. त्या दिवशीचा उपदेश त्यांनी कलमावर केला. चांगल्या झाडाला रानटी फांदी जोडली जाते आणि मग तीही त्या झाडाचा रस पिऊ लागते, तसं देव परक्याला आपल्या घरात जोडून घेतो, असं ते सांगत होते आणि बोलताना प्रेमाने आमच्याकडे बघत होते. आमच्या चर्चमधली अर्धी माणसं कलमं बांधणारी. ती जरा चुळबुळली. बाहेर पडताना बाबा पाळकसाहेबांच्या कानाशी जाऊन म्हणाले, आमच्याकडे जरा उलटं असतं हो, मूळ रानटी आणि काडी चांगली. पाळकसाहेब मोकळं हसले, म्हणाले, मग पुढच्या वेळी तुम्हांला विचारूनच बोलेन. दोघं छत्रीत उभे राहून बराच वेळ आंब्यांबद्दल बोलले.

मी हसले नव्हते. माझं लक्ष पोरीकडे होतं. घरी येताना ती माझ्या छत्रीच्या बाहेर बाहेर चालत होती, एक खांदा भिजत होता. कातळावर आल्यावर ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

“रानटी म्हंजे मी काय?”

सॅम्युएल घाईघाईने म्हणाला, नाही गं, तसं नाही, ती एक उपमा असते. सात वर्षांच्या पोरीला उपमा म्हणजे रव्याचा. बाबा मागून येत होते. त्यांनी काही समजावलं नाही. घरी आल्यावर कोट काढला आणि तिला म्हणाले, “चल गो बाय, रानटी कसा असतो तो दाखवतो.”

वाफ्यात बाठे रुजले होते. तांबड्या पानांचे कोंब, अजून दुमडलेले, पावसाचा एकेक थेंब धरून उभे. ती उकिडवी बसून बघत राहिली. बाबांनी तिच्यासमोर एक कलम बांधलं, पट्टी गुंडाळली, टोक आत खुपसलं. तिने विचारलं, जोडलं हे कसं कळणार. ते म्हणाले, डोळा फुटला की कळतं. “आनि नाय फुटला तर?” बाबांना खोटं बोलता येत नसे, लहान मुलाशी तर नाहीच. “नाय फुटला तर नाय जोडलं,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून ती मागच्या सावलीत, कलमांच्या पिशव्यांपाशी रमू लागली. आम्हांला किती बरं वाटलं. मी खिडकीतून बघायचे, ती बाबांच्या पाटावर बसलेली, पाठमोरी, हातांनी काहीतरी करत असलेली. पावसाच्या दोन सरींमधलं ते पिवळं ऊन, तिच्या फ्रॉकवर पडलेली सुपारीच्या झावळ्यांची सावली, कुठेतरी भारद्वाजाचा घुमणारा आवाज. मला वाटायचं, रुळतेय. सॅम्युएल रोज संध्याकाळी शाळेतून आला की पाय धुवायच्या आधी तिला विचारी, बरं वाटतंय ना इथे, आवडतंय ना. चर्चमधल्या बायका विचारत. पाववाला विचारी. मीही सोडलं असेन असं नाही. ती मान हलवायची, कुठल्या दिशेला ते कळायचं नाही.

एका सकाळी बाबा बराच वेळ मागून आत आलेच नाहीत. मी गेले तर ते कलमांच्या एका रांगेपुढे नुसते उभे होते. आधी मला काही दिसलं नाही. मग दिसलं. बाबांची गाठ अशी असते की ती दिसतच नाही, टोक पट्टीच्या आत जातं. या रांगेतल्या एकेका कलमावर गाठीचं फूल होतं. शाळेत जाताना रिबिनीचं बांधतात तसं, दोन पाकळ्यांचं, नीटनेटकं. आणि प्रत्येक फुलाच्या वर काडी काळी पडलेली.

ती रोज पट्ट्या सोडत होती. सोडून बघत होती की जोडलं का, आणि पुन्हा जमेल तितकी छान बांधून ठेवत होती.

ती टाकीआड सापडली. खांद्याला पिशवी होती आणि पायांत चपला. आमच्या घरात आल्यापासून मागच्या अंगणात तिने चपला घातलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. रडत नव्हती. निघण्याच्या तयारीत उभी होती, एस्टीची वाट बघणाऱ्या मोठ्या माणसासारखी. तिला जवळ घ्यावं, की रागवावं, की तिच्यापुढे बसून रडावं, काहीच ठरेना. सॅम्युएल आला आणि सवयीने तेच विचारू लागला, काय झालं बाळा, तुला इथे आवडत नाही का, खरं सांग.

बाबा त्याच्यावर ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

“तिची पट्टी सारखी सोडू नको रे,” ते म्हणाले. “पोरीनं कलमांचं केलंन, तेच तू तिचं करतोयस.”

मग ते वाफ्याशी जाऊन बसले. राहिलेले कोंब पुढ्यात घेतले, काड्यांची जुडी ओल्या फडक्यातून सोडली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, एकट्याने आता वेळ लागतो, गाठ मारायला कुणीतरी हवं. पाऊस भुरभुरत होता. ती पिशवी खांद्यावर ठेवूनच आली. बाबा जोड बसवत, पट्टी गुंडाळत, आणि टोक तिच्या हातात देत. पहिल्या कलमाला तिने पुन्हा फूलच बांधलं. बाबा म्हणाले, “छान हाय. पण ही गाठ नको. सोडायला फार सोपी.” त्यांनी तिला टोक आत खुपसायला शिकवलं. दुपारपर्यंत ते दोघं तिथे होते. मी दोनदा चहा नेऊन ठेवला आणि दोनदा गार झालेला परत आणला. कधीतरी मध्येच पिशवी तिच्या खांद्यावरून उतरून चिखलात पडली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी दुसऱ्यांदा कप उचलायला गेले तेव्हा बाबा तिला सांगत होते, “आत चाललेलं असतं. आपल्याला दिसत नाय, म्हणून काय नाय असं नसतं.” इतकी वर्षं बाकावर बसून विश्वासावरचे किती उपदेश मी ऐकले होते. त्या ओल्या सकाळी, गार चहाचे कप हातात घेऊन, मला तो पहिल्यांदा कळला. मी पडवीत येऊन उभी राहिले आणि कितीतरी वर्षांनी देवाशी बोलले. फार काही नाही. म्हटलं, तूही आत काहीतरी करत असशील तर कर, मी सोडून बघणार नाही.

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात, एकात एक विरघळलेले. आम्ही कुणीच तिला काही विचारत नव्हतो. सॅम्युएल दारात पाय धुऊन गुपचूप आत यायचा आणि तिच्याशेजारी बसून चित्र काढायचा. ती बघायची किंवा बघायची नाही. घरात पावसाचा आवाज, पागोळ्यांचा आवाज, बाबांच्या खोकल्याचा आवाज. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब घरंगळवत ती तासभर बसायची. एकदा उपासनेत बाबा नेहमीसारखे बेसूर गायला लागले आणि ती खुदकन हसली. मी पुढेच बघत राहिले, मान वळवली नाही. एखाद्याकडे न बघणं हेही प्रेमातच मोडतं, आणि ते फार अवघड असतं. त्या दिवसांत मला वाटू लागलं की देव आपल्याकडे पाठ करून बसलाय असं ज्या वर्षांत वाटलं, त्या वर्षांत कदाचित तो असाच मान न वळवता बसला असेल.

फूल बांधलेल्या रांगेत मग एक गंमत झाली. वरच्या काड्या वाळून गेल्या, पण काही कलमांच्या बुडातून, जोडाच्या खालून, तांबडे फुटवे आले. बाबा असे फुटवे नेहमी खुडून टाकत. ते वाढले तर सगळं बळ रायवळच खाऊन टाकतो. त्यांचा अंगठा सवयीने पुढे गेला तर तिने मध्ये तळहात धरला.

“ह्याला ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

बाबांनी हात मागे घेतला. ते रोप तिने घरामागे, गडग्याच्या कडेला, स्वतः खड्डा खणून लावलं. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. रायवळ तो रायवळ.

नारळी पौर्णिमा झाली आणि ताई आल्या. त्या दिवशी पाऊस कौलांवर नुसता ताशा वाजवत होता. पुढच्या पडवीत त्या आणि सुगंधा, आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात. मी घावनं घालायला घेतली होती आणि एकामागून एक करपवत होते. सॅम्युएल भिंतीला टेकून उभा, ओठ हलत होते, प्रार्थना करत असावा. बाबा खाली मान घालून बोटांवरचा आंब्याचा चीक खरवडत होते. पडवीतलं काही ऐकू येत नव्हतं. ती नाही म्हणेल, आणि आम्ही तिची पिशवी बसपर्यंत पोचवू, आणि परत आल्यावर कलमांच्या पिशव्यांकडे बघायचं धैर्य कुणाला होणार नाही, इथपर्यंत मी जाऊन आले होते.

ताई आत आल्या त्या जरा गोंधळलेल्या. म्हणाल्या, मी तिला तऱ्हेतऱ्हेने विचारून बघितलं, इथे राहायचंय का, ही माणसं आवडतात का. ती बोलेचना. शेवटी म्हणाली, “सारखं सोडून बघायचं नसतं. सुकतं.”

“म्हणजे काय हो?” ताईंनी आम्हांला विचारलं.

सॅम्युएलने तोंड भिंतीकडे केलं. माझ्या हातात उलथनं होतं, ते तसंच राहिलं. बाबा उठून मागच्या दाराने पावसात गेले आणि टाकीपाशी जाऊन उगाच तोंड धुऊ लागले. ताई निघाल्या, पुढच्या दारात आपल्या सँडल शोधू लागल्या. तिथे चपलांची रांग होती. बाबांच्या जाड वहाणा, सॅम्युएलचे बूट, माझ्या स्लीपर, आणि सगळ्यांच्या कडेला, भिंतीला लावून, लहान चपलांचा एक जोड. चिखल तसाच लागलेला. पोरीची चपला पिशवीत ठेवायची सवय ताईंना ठाऊक होती. त्या त्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, माझं काम झालं.

आई म्हणून तिने मला पहिली हाक कधी मारली ते मला आठवत नाही. लोकांना नवल वाटतं. पण फुटलेला डोळा नेमका कुठल्या क्षणी फुटला हे कुणी सांगू शकत नाही; सकाळी बघावं तर तो आलेला असतो. नाव आम्ही तिचं बदललं नाही. बाप्तिस्म्याचंही बाबा म्हणाले, मोठी झाली की तिचं ती बघेल. तिने बघितलं, सावकाश, तिच्या वेळेला.

बाबा आता नाहीत. परवाच्या हिवाळ्यात गेले. चर्चमध्ये त्यांच्या जागेवर कुणी बसत नाही आणि गाणी फार सुरात होतात, मला ते आवडत नाही. गडग्याच्या कडेचं ते रोप मात्र मोठं झाड झालं आहे. दोऱ्यांचा, आंबटगोड, लहान आंबा धरतं, पोरं दगड मारून पाडतात. आज पडवीतल्या गोणपाटावर पसरलेले बाठे त्याच झाडाचे आहेत. ज्याला बाबांचा अंगठा खुडणार होता, त्याच्या मुळांवर यंदा आमची हापूसची कलमं उभी राहणार.

सगळे अजूनही म्हणतात, तुम्ही त्या पोरीला आपल्या झाडाला जोडून घेतलंत. मीही पुष्कळ वर्षं तसंच समजत होते आणि मनातून थोडी फुशारत होते. पण बाबांनी त्या रविवारी छत्रीखाली जे हसत सांगितलं, ते माझ्या डोक्यात फार हळू उतरलं. आमच्याकडे उलटं असतं. तासलेली, पानं खुडलेली, झाडापासून तुटलेली काडी आम्ही होतो. मूळ ती होती. कुणीही न लावलेलं, कुणाच्या तरी फेकलेल्या बाठ्यातून वर आलेलं, चिवट. ती आली आणि आम्हांला खालून रस मिळू लागला. आणि मग पुढचंही मनात येतं, की येशूलाही त्याच्या काळी लोक हेच विचारत होते, हा कुठल्या गावचा, असल्या गावातून काय चांगलं यायचं. नाकारलेलाच होता तो. रायवळच. आम्ही सगळे हापूस म्हणवणारे उभे आहोत ते त्या मुळावर. हे मला वाटतं, म्हणून पाऊस पडताना मला आता एकटं वाटत नाही.

दुपारी सर थांबली तेव्हा तिने मागून हाक मारली. बाबांच्या पाटावर बसली होती. लवकर रुजलेले काही कोंब पुढ्यात, ओल्या फडक्यात काड्या. मला म्हणाली, बस, एकटीला हात पुरत नाहीत.

मी गुडघे धरत बसले. तिने कोंब छाटला, चीर दिली. समुद्राचा आवाज येत होता. परत येशील ना, हे अगदी ओठांवर आलं होतं.

“आई, तू काडी धर,” ती म्हणाली. “मूळ मी धरते.”

मी काडी धरली. तिने पट्टी ओढून गुंडाळली, टोक आत खुपसलं, आणि कलम सावलीत ठेवलं. मी काही विचारलं नाही. उठून आत जाताना पुढच्या दारात तिच्या चिखलाने भरलेल्या चपला दिसल्या, माझ्या चपलांवर अर्ध्या चढलेल्या. मी त्या तशाच राहू दिल्या.